सोशिकपणाचा पाठ आणि लक्ष्मीबाईंचा संसार

मराठी मंडळ्यांतल्या लग्नांत उपदेशाचा विषय बहुधा ठरलेला असतो: पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र, तेरावा अध्याय. वाचन झाले की प्रीतीच्या गुणांची उजळणी होते, आणि सर्व काही सोसण्यापाशी आले की उपदेशकाची नजर आपसूक वधूकडे वळते. वराच्या वाट्याला एखादे वाक्य येते आणि तेही बऱ्याचदा हसण्यावारी नेलेले. मग दाखला हवा म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे नाव निघते. तऱ्हेवाईक, तापट, हातात पैसा न टिकणाऱ्या नवऱ्याबरोबर त्यांनी कसे निभावले ते सांगायचे आणि नव्या सुनेला त्यांच्यासारखी सोशिक हो म्हणायचे.

याच समजुतीची दुसरी बाजू मंडळीबाहेर ऐकू येते. ख्रिस्ती संसार टिकतात कारण ते मोडताच येत नाहीत. कायद्याने आणि चर्चने दार लावून घेतले, मग आतल्या माणसाने सोसायचे नाही तर काय करायचे? पहिले म्हणणे आदराचे, दुसरे उपहासाचे. पण दोघांचा पाया एकच आहे: ख्रिस्ती विवाह सोसण्यावर उभा असतो आणि सोसायचे असते ते बाईने. शास्त्र, कायदा आणि खुद्द टिळक दांपत्याचे चरित्र यांपैकी कशाचाही या मताला आधार मिळत नाही.

पूर्वपक्ष दुर्बळ आहे असे मात्र कोणी समजू नये. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नींना पतीच्या अधीन राहायला सांगितले आहे, हे नाकारता येत नाही. पेत्राचे पहिले पत्र आणखी पुढे जाते. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ख्रिस्ताने अन्याय निमूट सोसला हे सांगून तिसऱ्याच्या आरंभी पेत्र ‘तसेच’ म्हणत पत्नींकडे वळतो, आणि अब्राहामाला धनी म्हणणाऱ्या सारेचा दाखला देतो. वधस्तंभ हाच ज्या धर्माचा मध्य, त्या धर्मात सोसणे हा घरातला मुख्य गुण ठरावा, हा युक्तिवाद वरवरचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या समंजस माणसांनी तो मनापासून मानला आहे. म्हणून त्याला उत्तर द्यायचे तर तेही शास्त्रातूनच द्यायला हवे.

तेराव्या अध्यायापासून सुरुवात करू. तो लग्नासाठी लिहिलेलाच नाही. करिंथची मंडळी भांडकुदळ होती. तिच्यात तट पडले होते, लोक एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनाला श्रीमंत पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. आत्म्याचे कोणते दान मोठे यावरून चढाओढ चालली होती. बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांत त्याच वादाचा निवाडा आहे आणि त्या दोहोंमध्ये हा अध्याय बसतो. त्याचे श्रोते अंगात बळ असलेले, बोलके, स्वतःला मोठे समजणारे लोक होते. सहनशीलता शिकवायची होती ती त्यांना. जिला आधीच गप्प बसवलेले आहे तिच्यासमोर तोच अध्याय गप्प बसण्याचा आदेश म्हणून वाचणे म्हणजे औषध भलत्याच रोग्याला पाजणे.

शिवाय सर्व काही सोसण्याचे वचन सातवे आहे. त्याच्या लगेच आधी, सहाव्यात, प्रीतीला अन्यायात आनंद वाटत नाही, सत्यात वाटतो असे पौल सांगतो. सत्याची अट आधी आणि सोसणे नंतर, असा हा क्रम आहे. सहावे गाळून सातवे वाचले की अर्थच उलटतो: अन्याय झाकून ठेवणे हीच प्रीती ठरते.

हे माझे एकट्याचे वाचन नाही. पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबातील प्रीतीविषयी २०१६ साली काढलेल्या ‘आमोरिस लेतिसिया’ या पत्राच्या चौथ्या अध्यायात याच अध्यायाचे शब्दाशब्दाने विवरण केले आहे. सहनशीलतेपाशी येताच ते स्पष्ट करतात की सहनशील असणे म्हणजे सतत वाईट वागणूक किंवा मारहाण सहन करत राहणे नव्हे. पुढे, काही वेळा वेगळे राहणे हे नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते, हेही ते मान्य करतात. घटस्फोटाला मान्यता न देणाऱ्या चर्चच्या तेव्हाच्या प्रमुखाने हे सांगितले, हे ध्यानात घ्यावे.

इफिसकरांस पत्राकडे येऊ. पाचव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात एकमेकांच्या अधीन राहण्याची आज्ञा आहे, आणि पत्नींविषयीचे बाविसावे वचन तिच्याच पोटातले आहे. पत्नींसाठी तीन वचने आहेत आणि पतींसाठी आठ. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी पतीने पत्नीवर प्रीती करावी, ही त्या आठांतली मागणी आहे. वधस्तंभाचा दाखला इथे दिला आहे तो नवऱ्याला. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या पुस्तकात घराचे जे तीन संबंध मांडले, म्हणजे धनी आणि दास, पती आणि पत्नी, बाप आणि मुले, तेच तीन पौलही घेतो. ॲरिस्टॉटलच्या मांडणीत प्रश्न असा की घरधन्याने राज्य कसे चालवावे. पौल त्याच घरधन्याला मरण पत्करायला सांगतो. त्या काळच्या श्रोत्याला पत्नीविषयीची तीन वचने नेहमीचीच वाटली असतील. दचकवले असेल ते पुढच्या आठांनी. आपण मात्र नेहमीचे तेवढे उचलले आणि दचकवणारे सोडून दिले.

त्याच पत्रात एक अध्याय मागे जावे. तिथे खोटेपणा टाकून एकमेकांशी खरे बोलावे, रागवावे पण पाप करू नये, सूर्य मावळेपर्यंत राग धरू नये असे सांगितले आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूची रीतही हीच आहे: भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि एकांतात त्याला तो दाखवून दे. क्षमेची सुरुवात अपराधाला नाव देण्यापासून होते. जो अपराध बोलूनच दाखवला नाही त्याची क्षमा करता येत नाही, तो फक्त साठून राहतो. मंडळीतल्या भावाला लागू असलेली ही रीत नवऱ्याला का लागू नसावी, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

पेत्राचा ‘तसेच’ उरला. पूर्वपक्षाचा सगळा भार त्यावर आहे, पण सातव्या वचनात त्याच ‘तसेच’ने पेत्र पतींकडे वळतो. पत्नीला मान द्या, ती जीवनाच्या देणगीत तुमच्याबरोबरची वारसदार आहे. नाही तर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल, असे तो बजावतो. बायकोशी वाईट वागणाऱ्या नवऱ्याची प्रार्थना वर जात नाही, हा इशारा लग्नाच्या उपदेशात का ऐकू येत नाही, कोण जाणे. सारेचे म्हणाल तर उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो की सारा जे म्हणते ते ऐक. (प्रसंग हागारेला आणि तिच्या लेकराला घराबाहेर काढण्याचा आहे, तेव्हा फारसा मिरवण्यासारखा नाही. पण सारा मुकी होती असे मात्र त्यावरून कोणी म्हणू शकणार नाही.) आणि अबीगल? पहिल्या शमुवेलाच्या पंचविसाव्या अध्यायात तिचा नवरा नाबाल दाविदाच्या माणसांचा अपमान करून घरादारावर नाश ओढवून घेतो. ती त्याला न विचारता रसद घेऊन निघते, दाविदाला थांबवते, आणि परत आल्यावर नवरा पिऊन तर्र आहे हे पाहून गप्प राहते. सकाळी नशा उतरल्यावर सगळे सांगते. कधी बोलायचे हे कळणे हा गुण आहे, पण तो बोलण्याचा गुण आहे, सोसण्याचा नाही. शास्त्र तिला शहाणी म्हणते.

आता कायद्याचे दार. ख्रिस्ती विवाहाला मोडण्याची वाट नव्हती हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात वाट होती, पण ती वाकडी होती. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला व्यभिचाराबरोबर क्रूरता, दोन वर्षांचा त्याग किंवा तसेच आणखी काही सिद्ध करावे लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणे दिली आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय केली. त्या आधीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत कित्येक बायका नाइलाजाने राहिल्या, हे टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच की बंद दारामुळे लग्नाची नोंद टिकते. प्रीती कशाने टिकते हे पाहायचे तर दार उघडे असताना कोण थांबले ते पाहावे लागेल.

येशूच्या घटस्फोटबंदीचा हेतूही याच संदर्भात पाहावा. परूशी त्याला जो प्रश्न विचारतात तो पुरुषाच्या हक्काचा होता: नवऱ्याने बायको कोणत्या कारणासाठी टाकावी? यहूदी गुरूंपैकी शम्मायचा पंथ कडक होता. हिल्लेलचा म्हणे की तिने जेवण करपवले तरी चालेल. अशा समाजात ‘टाकू नका’ हे उत्तर त्या बाईच्या डोक्यावरचे छप्पर राखणारे होते. मोशेने सूट दिली ती तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे, हेही येशूच सांगतो. कठोरपणाविरुद्ध दिलेली आज्ञा कठोर माणसाच्या हातातली काठी व्हावी, याला काय म्हणावे?

उघड्या दाराचे उदाहरण दूर शोधायला नको. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न १८८० च्या सुमाराला झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, तोही घरच्यांच्या अपरोक्ष. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांकडे राहिल्या, बहिणीच्या आधाराने, लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० साली. आता हिशोब करा. ज्या सोसण्याचे दाखले उपदेशात दिले जातात, ते सासरचे जाच, टिळकांचे न सांगता निघून जाणे, विरहाची वर्षे, हे जवळजवळ सगळे १९०० च्या आधीचे आहेत. ते एका हिंदू बाईने सोसले, त्या काळच्या हिंदू घरात. त्याला ख्रिस्ती पत्नीचा सद्गुण म्हणून वधूपुढे ठेवणे हे इतिहासालाही धरून नाही.

आणि पेत्राचा तिसरा अध्याय या जोडप्याला लावायचाच असेल तर नीट लावावा. अविश्वासी जोडीदाराला शब्दांवाचून, वागणुकीने जिंकावे, हा सल्ला विश्वासी जोडीदारासाठी आहे. १८९५ ते १९०० या काळात या घरातला विश्वासी जोडीदार कोण होता? धीर धरायचे काम टिळकांचे होते. शब्दांवाचून ते त्यांना जमले नाही, हा माणूस पत्रे लिहीत राहिला, कविता करीत राहिला. पण जबरदस्ती त्यांनी केली नाही.

ती करण्याची साधने मात्र त्यांच्या हाताशी होती. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद भोगा असा निकाल दिला होता. त्याला तेव्हा दहा वर्षेही लोटली नव्हती. त्याशिवाय खास धर्मांतरितांसाठी १८६६ चा विवाहविच्छेदाचा कायदा होता. एका जोडीदाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या कारणाने दुसऱ्याने सलग सहा महिने त्याला सोडले, तर पहिल्याने न्यायालयात जावे. मन बदलायला मुदत मिळे आणि ती संपल्यावरही नकार कायम राहिला तर न्यायालय लग्न मोडून देई, मग पुन्हा लग्न करायला तो मोकळा. पौलाचीही हरकत नव्हती: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की अविश्वासी जोडीदार वेगळा होऊ पाहत असेल तर होऊ द्यावा, विश्वासी माणूस त्या बंधनात नाही. म्हणजे सरकारचे दार उघडे होते आणि प्रेषिताचेही. टिळक त्या वेळी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, तिथे हे दोन्ही दरवाजे माहीत नसणे शक्य नाही. त्यांनी एकही वापरला नाही.

दोघे एकत्र आले तेव्हा तर आणखी लक्षात घेण्यासारखे घडले. लक्ष्मीबाईंनी काही काळ आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवले. ज्याने जातपात सोडून बाप्तिस्मा घेतला, ज्याच्या नावाभोवती ख्रिस्ती समाजाचे डोळे लागलेले, त्याच्याच घरात बायको सोवळे पाळते आहे! मिशनच्या लोकांना काय वाटेल, याचा विचार करून एखाद्या नवऱ्याने चूल एक करायला लावली असती. टिळकांनी ते चालू दिले. पुढे राहुरीला असताना जात माणसाने केली की देवाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतः केला, स्वतःच्या निर्णयाने विटाळ टाकला आणि मग बाप्तिस्मा घेतला. जोडीदाराच्या सदसद्विवेकबुद्धीला तिच्या वेळेने चालू देणे, हा गुण लग्नाच्या उपदेशात मी क्वचितच ऐकला आहे. मला तो पहिल्या मानाचा वाटतो. लपूनछपून बाप्तिस्मा घेण्यात टिळकांनी बायकोवर अन्याय केला होता, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्या अन्यायाची भरपाई त्यांनी तिच्याकडून सोसणे मागून केली नाही. तिला मोकळीक देऊन केली.

दुसरा गुण लक्ष्मीबाईंचा, आणि त्याचा पुरावा ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून हे पुस्तक भागांनी प्रसिद्ध होऊ लागले. टिळक १९१९ मध्ये गेले होते. मराठी ख्रिस्ती समाजात तोवर ते संतकवीच्या आसनावर बसले होते, त्यांची पदे उपासनांत गायली जात होती. अशा माणसाची विधवा आठवणी लिहिते तेव्हा धूपदीपाचीच अपेक्षा असते. लक्ष्मीबाई त्यांना सरळ ‘टिळक’ म्हणतात, त्यांचा संताप सांगतात, त्यांचा अव्यवहारीपणा सांगतात, संतापानंतरचे त्यांचे वरमणेही सांगतात, आणि त्याच सुरात स्वतःच्या फजित्या सांगतात. कुठे तक्रार नाही, कुठे झाकपाक नाही. निमूट सोसणाऱ्या बाईला असे लिहिता येत नाही. तिच्या हातून आरती होते, नाही तर फिर्याद. नवऱ्याचा दोष स्वच्छ दिसावा आणि त्याच्यावरचे प्रेम तसूभर कमी होऊ नये, ही नजर म्हातारपणी लिहायला बसल्यावर येत नसते. ती संसारात रोज वापरून तयार झालेली असते. माझ्या मते पौलाच्या सहाव्या वचनाचा मराठीतला सर्वांत चांगला भाष्यग्रंथ हाच आहे. यात विनोदही आलाच. पौलाच्या यादीत तो नाही, पण असता तर बरे झाले असते.

तिसरी गोष्ट दोघांनी मिळून केलेल्या कामाची. लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते म्हटले तरी चालेल. टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. पुढे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य रचायला घेतले आणि ते सुरुवातीच्या अध्यायांवरच राहिले. त्यांच्या पश्चात त्यातला बहुतेक भाग रचला तो लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याचे अपुरे काम बायकोने हाती घेणे आपल्याकडे नवे नाही, पण इथे काम महाकाव्याचे होते आणि हाती घेणारी त्याच घरात अक्षरे शिकली होती. शिकवणाऱ्याला शिष्या आपल्यापुढे जाईल याची भीती नसावी लागते.

मग सोसण्याला जागाच नाही का? आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. अशा घरात ओढगस्त कोणाला चुकत नाही. नगरला प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाई रोग्यांमध्ये वावरल्या. दारिद्र्य, आजारपण, लोकनिंदा, घरात येणारीजाणारी आणि राहणारी माणसे, हे सारे दोघांनी खांद्याला खांदा लावून सोसले. परिस्थिती सोसणे आणि एकमेकांचा अन्याय सोसणे यांत अंतर आहे, आणि सगळा घोटाळा या दोहोंना एकच नाव दिल्याने झाला आहे. पहिल्याने जोडपे जवळ येते. दुसरे एकाच्याच वाट्याला येते आणि दुसऱ्याला आणखी बिघडवते. पौलाचे सातवे वचन पहिल्याविषयी बोलते. दुसऱ्याचा बंदोबस्त सहाव्यात आहे.

कोणी म्हणेल, टिळक दांपत्य असामान्य होते, त्यांच्यावरून सर्वसाधारण नियम काढू नये. मान्य. पण मग सोशिकपणाच्या पाठासाठीही त्यांचे नाव घेऊ नये. आणि नियम त्यांच्यावरून काढलेला नाहीच, तो शास्त्रातून आधी काढला. त्यांचा संसार पडताळा म्हणून पाहिला.

तेव्हा लग्न लावणाऱ्या पाळकांना आणि धर्मगुरूंना एवढीच विनंती आहे. विवाहपूर्व मार्गदर्शनाला दोघे समोर बसतील तेव्हा वराला आधी विचारा: हिने तुझी चूक तुला तोंडावर सांगितली तर तू काय करशील? त्याचे उत्तर ऐकल्याशिवाय वधूला काही शिकवू नका. तेरावा अध्याय वाचताना सहावे वचन सावकाश वाचा. इफिसकरांस पत्र उघडाल तेव्हा तीन वचनांवर थांबू नका, पुढची आठही वाचा. आणि लक्ष्मीबाईंचे नाव घ्यायचेच असेल तर ‘स्मृतिचित्रे’ आधी एकदा पहिल्या पानापासून वाचून मग घ्या.